आजी पाणी का पीत नाही?

वस्तीतले कितीतरी आजी-आजोबा संध्याकाळनंतर पाण्याला शिवत नाहीत. संडास लांब, वाटेत अंधार. सुनेला उठवावं, तर ती पहाटेच कामाला जाणार.

वयाबरोबर तहानही कमी होते. मग चक्कर, मलावरोध, लघवीला जळजळ. कधी ताप येतच नाही. म्हातारं माणूस एकाएकी भलतंसलतं बोलू लागतं. घरचे म्हणतात, 'वय झालं.' थांबू नका. त्याच दिवशी दवाखान्यात न्या, लघवी तपासून घ्या.

सकाळपासून थोडं थोडं पाणी द्या. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर किती द्यायचं, हे डॉक्टरांना विचारा. रात्री सोबत जाणं एकट्या सुनेचं काम नाही. मुलगा, नातू यांनीही पाळीपाळीनं उठावं. नाहीतर खाटेजवळ झाकणाचा डबा ठेवा. सकाळी तो मुलानं रिकामा केला तरी चालतो.