विद्वत्परिषदेला जातांना

डिसेंबर जवळ आला कीं महाविद्यालयांतून शिकविणाऱ्या आणि संशोधन करणाऱ्या मंडळींच्या घरीं एक निराळीच लगबग सुरू होते. कपाटाच्या तळाशीं गेलेला लोकरीचा स्वेटर वर निघतो, रेल्वेच्या तिकिटांची चौकशी होते, आणि टेबलावर अर्धवट लिहिलेल्या निबंधाचीं पानें दिवसेंदिवस वाढत जातात. दूरच्या एखाद्या विद्यापीठांत परिषद भरावयाची असते आणि घरांतील कोणी तरी तेथें निबंध वाचावयास निघालेलें असतें. निबंध तेवढा महत्त्वाचा. राहणें, जेवणें, प्रवास या गोष्टी किरकोळ, त्या आयत्या वेळीं कशाहि उरकतां येतात, अशी पुष्कळांची समजूत असते. ही समजूत खरी नव्हे. परिषदेचें निम्मे फळ या किरकोळ गोष्टींच्या हातीं असतें. आणि नवख्या, दूरच्या, बेताच्या मिळकतीच्या अभ्यासकाला परिषदेचें दार उघडें राहणार कीं बंद होणार, हें तर बव्हंशीं त्याच ठरवितात.

अशा परिषदा मुळांत निघाल्या त्या अभ्यासकांचें एकाकीपण घालविण्यासाठीं. जे. एल्. सायमनसेन हे मद्रासेस आणि पी. एस्. मॅकमोहन हे लखनौस रसायनशास्त्र शिकवीत असत. एवढ्या विस्तीर्ण देशांत आपल्या विषयाचा दुसरा जाणता भेटणें किती दुर्घट आहे, हें दोघांनाहि जाणवत होतें. विलायतेंतील ब्रिटिश असोसिएशनच्या धर्तीवर येथेंहि दरसाल शास्त्रज्ञांनीं एकत्र जमावें, अशी खटपट त्यांनीं केली. १९१४ च्या जानेवारींत कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटींत सर आशुतोष मुकर्जी यांच्या अध्यक्षतेखालीं पहिली सायन्स काँग्रेस भरली, ती या खटपटीचें फळ होय. त्या वेळीं १०५ शास्त्रज्ञ जमले होते. पुणेंहि या बाबतींत मागें नव्हतें. अखिल भारतीय प्राच्यविद्या परिषदेचें पहिलें अधिवेशन १९१९ च्या नोव्हेंबरांत भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरांत झालें आणि खुद्द रामकृष्ण गोपाळ भांडारकर त्याचे अध्यक्ष होते. पुढें १९३५ सालीं भारत इतिहास संशोधक मंडळाच्या पुढाकारानें पुण्यासच इतिहास परिषद जन्मास आली. दुसरें अधिवेशन १९३८ सालीं अलाहाबादेस भरलें आणि तेव्हांपासून ती ‘इंडियन हिस्टरी काँग्रेस’ या नांवानें ओळखली जाते.

या इतिहास परिषदेचेंच उदाहरण पुढें ठेवलें म्हणजे सर्व व्यवस्थेचा उलगडा होतो. तिचें अधिवेशन बहुधा डिसेंबरच्या अखेरच्या आठवड्यांत, दरसाल निराळ्या विद्यापीठांत असतें. हा आठवडा निवडण्यांत व्यवहार आहे. त्या सुमारास नाताळची सुट्टी असते. शिक्षकांना रजेची अडचण कमी पडते, वर्ग रिकामे असल्यानें चार-पांच सभा एकाच वेळीं भरवितां येतात, आणि विद्यार्थी घरीं गेले असल्यास वसतिगृहांतील खोल्या पाहुण्यांना देतां येतात. परंतु या सोयीची दुसरी बाजूहि ध्यानांत घ्यावयास हवी. तोच आठवडा प्रवासाच्या गर्दीचा असतो, आणि उत्तरेकडे तोच दाट धुक्याचा व कडाक्याच्या थंडीचा असतो.

पहिली पायरी पत्रव्यवहाराची. परिषदेचें सभासदत्व आणि अधिवेशनाची प्रतिनिधि-वर्गणी या दोन वेगळ्या बाबी आहेत, हें नवख्यांना ठाऊक नसतें. बहुतेक परिषदांत निबंध वाचणारा आधीं सभासद असावा लागतो. सभासदत्वाची मुदत एक, निबंध पाठविण्याची दुसरी, आणि यजमान विद्यापीठाकडे राहण्याजेवण्याची वर्गणी भरण्याची तिसरी. तिन्ही तारखा प्रथमच एका कागदावर लिहून डोळ्यांसमोर लावून ठेवणें शहाणपणाचें. निबंध स्वीकारल्याचें पत्र हातीं आलें कीं त्याच्या प्रती काढून ठेवाव्या. कारण महाविद्यालयाकडे कर्तव्यरजा मागावयास, प्रवासखर्चासाठीं अर्ज करावयास आणि वसतिगृहाच्या दारीं ओळख पटवावयास तेंच पत्र लागतें.

येथें एक सावधगिरी हल्लीं विशेष अगत्याची झाली आहे. प्राध्यापकांच्या नांवें ई-मेलनें परिषदांचीं निमंत्रणें येतात. भाषा गौरवाची, शहर प्रेक्षणीय, आणि निबंधाची स्वीकृति दुसऱ्याच दिवशीं. फक्त वर्गणी तातडीनें भरावयाची असते. अशा परिषदेंत विज्ञान, साहित्य, वाणिज्य, वैद्यक सारेंच एका मांडवाखालीं असतें आणि निबंध कोणी वाचलेलाहि नसतो. संयोजक कोण, मागील अधिवेशनें कोठें झालीं, तेथील निबंध छापले गेले काय, एवढें विचारलें तरी खरें-खोटें निवडतां येतें. ज्या परिषदेला पूर्वेतिहास नाहीं आणि जिला पैशांचीच घाई आहे, तिचें निमंत्रण बाजूस ठेवावें.

दुसरी पायरी प्रवासाची. रेल्वेचें आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून साठ दिवस आधीं खुलें होतें. पूर्वी ही मुदत एकशें वीस दिवसांची होती. म्हणजे डिसेंबरच्या अखेरच्या तिकिटासाठीं ऑक्टोबरच्या अखेरीसच जागें राहिलें पाहिजे. समजा, परिषद पतियाळा येथें आहे. इतिहास परिषदेचें २०२४ चें अधिवेशन तेथील पंजाबी विद्यापीठांतच झालें. पुण्याहून निघणारी झेलम एक्सप्रेस किंवा मुंबईहून अमृतसरकडे जाणारी गाडी पकडून अंबाला छावणीस उतरावें लागतें. तेथून पतियाळा सुमारें पन्नास किलोमीटर. नकाशावर हा प्रवास सरळ दिसतो. परंतु दिल्लीच्या आसपासच्या मैदानांत या दिवसांत धुकें पडलें म्हणजे गाड्या कित्येक तास उशिरानें धांवतात आणि विमानेंहि अडकून पडतात. उद्घाटनाच्या सकाळीं पोंचण्याचा हिशेब ज्यानें केला, त्याचा निबंध त्याच्या वांचून पुकारला जाऊन पुढें सरकतो. उत्तरेकडे जाणाऱ्यानें एक दिवस आधीं पोंचण्याचीच योजना करावी. परतीचें तिकीटहि शेवटच्या दिवशीं दुपारचें काढूं नये. हजेरीचें प्रमाणपत्र पुष्कळदां समारोपाच्या वेळीं मिळतें, आणि तें नसलें तर रजा व खर्च दोन्ही अडून बसतात.

तिसरी पायरी मुक्कामाची. यजमानांना जे प्रतिनिधि येणार त्यांची संख्या आधीं कळावी लागते. म्हणून पोंचण्याची वेळ, सोबत कोण आहे, वसतिगृह चालेल कीं स्वतःच्या खर्चानें उतरण्याची जागा पाहणार, हें वेळेवर कळविणें हा सौजन्याचा भाग आहे. स्त्री-प्रतिनिधींनीं त्यांचें वसतिगृह सभास्थानापासून किती दूर आहे, रात्रीं परतण्यास वाहन असेल काय, हें आधींच विचारावें. तान्हें मूल किंवा वृद्ध माणूस सोबत असेल तर तेंहि कळवावें. आयत्या वेळीं सांगितलें म्हणजे यजमानांची आणि पाहुण्याची सारखीच पंचाईत होते. वसतिगृहाची खोली म्हणजे विद्यार्थ्याचीच खोली, हें मनांत धरून निघावें. पतियाळ्यासारख्या ठिकाणीं डिसेंबरअखेर रात्रीचें तापमान पांच-सहा अंशांपर्यंत उतरतें. मुंबईकराचा पातळ स्वेटर तेथें पुरत नाहीं. एक जाड पांघरूण, कानटोपी, पायमोजे, छोटें कुलूप, टॉवेल, नेहमींचीं औषधें आणि पाणी तापविण्याची कांहीं सोय, एवढें बरोबर असलें म्हणजे यजमानांवर रागावण्याचे पुष्कळ प्रसंग टळतात. ज्याला रात्रभर थंडीनें झोंप लागली नाहीं, त्याला दुसऱ्या दिवशीं मध्ययुगीन महसुलावरील चर्चेंत रस कोठून वाटणार?

यानंतर निबंध. इतिहास परिषदेंत प्राचीन, मध्ययुगीन व अर्वाचीन भारत, भारतेतर देश, पुरातत्त्व असे निरनिराळे विभाग असतात आणि त्यांच्या सभा एकाच वेळीं चालतात. वाचकांची रांग लांब असल्यानें प्रत्येकाच्या वाट्यास फार तर दहा-पंधरा मिनिटें येतात. वीस पानांचा निबंध दहा मिनिटांत धांवत वाचणें हा श्रोत्यांवर अन्याय आणि स्वतःच्या श्रमाची हानि होय. दहा मिनिटांत सावकाश वाचून हजार-बाराशें शब्द होतात. तेवढ्यांत प्रश्न कोणता, साधन कोणतें, आणि नवें काय सांपडलें, हीं तीनच अंगें मांडावीं; उरलेलें छापण्यासाठीं ठेवावें. घरांतील माणसांसमोर घड्याळ लावून एकदां वाचून दाखविणें यासारखा दुसरा सराव नाहीं. ज्या ठिकाणीं घरचीं माणसें जांभई देतील, तेथें बहुधा विद्वानहि देतील. चित्रें किंवा नकाशे पडद्यावर दाखवावयाचे असल्यास ते पेन ड्राइव्हवर घ्यावेच, पण निबंधाची छापील प्रत हातीं असावी. यंत्र रुसलें तरी वाचन थांबतां कामा नये.

परंतु निबंध वाचून झाला कीं परिषद संपली असें मानणारा खरा लाभ गमावतो. कार्यक्रमपत्रिका आदल्या रात्रीं वाचून दुसऱ्या दिवसाचे चार-पांच निबंध निवडावे आणि ते कोणत्या दालनांत आहेत, हें पाहून ठेवावें. पुढचें काम भोजनाच्या रांगेंत, चहाच्या टेबलापाशीं आणि पुस्तकांच्या प्रदर्शनांत होतें. नागपूरच्या एखाद्या तरुण शिक्षिकेला मोडी कागदांत जें कोडें पडलें आहे, त्याचें उत्तर तंजावरच्या दप्तरावर काम करणाऱ्या अभ्यासकाजवळ असूं शकतें; दोघांनीं एकमेकांचें नांव कधीं ऐकलेलें नसतें. हातांत ताट घेऊन शेजारीं उभें राहिलें असतां तें कोडें सुटतें. सायमनसेन-मॅकमोहन यांना हवें होतें तें हेंच. म्हणून ज्येष्ठांशीं बोलण्यास संकोच करूं नये, पण त्यांना वाटेंत अडवून आपला सारा निबंधहि ऐकवूं नये. एक नेमका प्रश्न विचारावा, पत्ता लिहून घ्यावा, आणि घरीं परतल्यावर आठवड्याच्या आंत पत्र पाठवावें. परिषदेंतील ओळख पत्रानें टिकते.

खर्चाचा प्रश्न सर्वांत शेवटीं, पण तो सर्वांत मोठा. सभासदत्व, प्रतिनिधि-वर्गणी, जाण्यायेण्याचें भाडें आणि वाटखर्च यांची बेरीज मोठ्या संस्थेंतील प्राध्यापकाला जाणवत नाहीं. त्याची संस्था ती भरून देते. तासिकांवर शिकविणाऱ्याला किंवा शिष्यवृत्तीवांचून संशोधन करणाऱ्याला ती स्वतःच्या खिशांतून करावी लागते. त्यानें प्रत्येक पावती जपावी, आपल्या संस्थेकडे प्रवासनिधि आहे काय याची लेखी चौकशी करावी, आणि रेल्वेची सवलत मिळेलच असें गृहीत धरूं नये. अशा माणसाला परिषदेस जातां येतें तें यजमान विद्यापीठानें अल्प वर्गणींत खाट आणि ताट दिलें म्हणूनच. त्याच्या लेखीं वसतिगृहाची ती खाट हीच खरी शिष्यवृत्ति.

ती खाट आपोआप मिळत नाहीं, हेंहि विसरतां येत नाहीं. इतिहास परिषदेचें ७९ वें अधिवेशन २०१८ च्या डिसेंबरांत पुण्यास व्हावयाचें होतें. जेथें ती परिषद जन्मली त्याच शहरांत. निधीची अडचण पुढें आली, बेत रद्द झाला, आणि अधिवेशन अखेर २०१९ च्या फेब्रुवारींत भोपाळच्या बरकतुल्ला विद्यापीठांत भरलें. परिषद वांचली हें खरें. पण फेब्रुवारी हा अध्यापनाचा महिना. ज्यानें डिसेंबरचा बेत आंखला होता, त्याला नवी रजा, नवें तिकीट आणि नवा खर्च सोसणें भाग होतें. ज्याला तें झेपलें नाहीं, तो घरींच राहिला असेल. व्यवस्था कोसळली म्हणजे प्रथम गळतो तो हाच माणूस. नामवंत अध्यक्षाची खुर्ची मात्र कोठेंहि मांडली जाते.

यास्तव यजमानांनीं खोल्या, भोजन आणि वाहन यांची तजवीज ही विद्येचीच सेवा समजावी, आणि जाणाऱ्यानें आपली तयारी अशी करावी कीं तेथील उणीवांनीं त्याचें मन निबंधावरून ढळूं नये. मग परतल्यावर बॅगेंत प्रमाणपत्राखेरीज चार नवे पत्ते, दोन नवीं पुस्तकें आणि एक नवा प्रश्न असतो. पुढील वर्षाचा निबंध त्या प्रश्नांतूनच सुरू होतो.