७० एमबींचा संसार

नोव्हेंबर २००८. अमेरिकेत एक जण मैत्रिणीशी मेसेजवर गप्पा मारत होता. मधेच फोन बंद करून पुन्हा चालू करावा लागला, त्यात वेळ गेला. ‘उत्तर का देत नाहीस?’ असं तिनं विचारलं. त्यानं कारण एकाच शब्दात टाइप केलं, ‘रीबूट’, आणि एंटर दाबलं. फोन लगेच बंद झाला आणि पुन्हा चालू झाला.

उलगडा झाला तेव्हा हसावं की घाबरावं, कळेना. फोनच्या पोटातल्या लिनक्सचा एक कन्सोल चुकून चालू राहिला होता. कुठल्याही अ‍ॅपमध्ये काहीही टाइप करा, प्रत्येक अक्षर त्या कन्सोललाही पोचत होतं, आणि तो त्याला हुकूम समजत होता. त्याच्याकडे अधिकारही सगळे.

हा फोन म्हणजे टी-मोबाइल या मोबाइल सेवा कंपनीचा ‘जी१’. बनवला एचटीसीनं, प्रणाली गुगलची. अँड्रॉइडवर चालणारा, बाजारात आलेला जगातला पहिला फोन. २३ सप्टेंबर २००८ रोजी न्यूयॉर्कमध्ये तो जाहीर झाला. गुगलचे संस्थापक लॅरी पेज आणि सर्गे ब्रिन कार्यक्रमाला आले ते पायात चाकाचे बूट घालून. ब्रिन यांनी आपण स्वतः लिहिलेल्या अ‍ॅपबद्दल सांगितलं: फोन हवेत उडवायचा, झेलायचा आणि तो किती वेळ हवेत होता ते मोजायचं. महिन्याभरात, दोन वर्षांच्या करारासह १७९ डॉलरला तो विकायला आला.

दिसायला आयफोनसमोर तो ओबडधोबडच. ३.२ इंचांचा पडदा, खाली ट्रॅकबॉल आणि बटणं असलेली पुढे वाकलेली ‘हनुवटी’. पण पडदा ढकलला की तो सरळ न सरकता कमानीसारखा वळसा घेऊन ‘खट्’ करत जागेवर बसायचा आणि खालून पाच ओळींचा कीबोर्ड उघडायचा. ज्यांनी तो वापरला त्यांच्यातले कितीतरी जण काही काम नसतानाही नुसता ‘खट्’ आवाज करत बसायचे.

कौतुक इथपर्यंत होतं आणि गाऱ्हाणीही इथूनच सुरू व्हायची. पडद्यावरचा कीबोर्ड सुरुवातीला नव्हताच. ट्रेनमध्ये एका हातानं दांडी धरून उभ्या असलेल्या माणसाला नुसतं ‘हो’ कळवायचं, तरी फोन आडवा करून उघडायला दोन्ही हात हवेत. टाइप करताना उजव्या अंगठ्याला ती हनुवटी आडवी यायची. कॅमेरा ३.२ मेगापिक्सेलचा, पण व्हिडिओ काढता येत नव्हता. नेहमीचा हेडफोन लावायला भोकच नाही; चार्जिंगच्याच तोंडाला अडॅप्टर लावायचा, म्हणजे एक तर गाणी ऐका नाही तर चार्ज करा. बॅटरी ११५० एमएएचची. सकाळी भरलेला फोन संध्याकाळी मान टाकायचा, म्हणून कुणी थ्रीजी बंद ठेवायचं, तर कुणी खिशात दुसरी बॅटरी बाळगायचं.

आणि तरीही तेच लोक वरून खाली ओढायचा सूचनांचा पडदा दुसऱ्याला हौसेनं दाखवायचे. नकाशात रस्त्याची दृश्यं उघडून स्वतःभोवती फिरलं की चित्रही फिरायचं, हा तर पाहुण्यांसमोरचा खास प्रयोग. एप्रिल २००९ मध्ये टी-मोबाइलनं अमेरिकेत दहा लाख जी१ विकल्याचं सांगितलं.

मिश्र अनुभवाचं खरं कारण मात्र वेगळंच होतं. लोकांनी अपुरा फोन विकत घेतला होता, पण तो त्यांच्या खिशातच पुरा होत जाणार होता. रीबूटची चूक अशीच घरबसल्या दुरुस्त झाली. २००९ च्या वसंतात अँड्रॉइड १.५, म्हणजे ‘कपकेक’ आलं आणि त्याच फोनला पडद्यावरचा कीबोर्ड मिळाला, व्हिडिओ मिळाला, विजेट मिळाले. दुकानात न जाता जुन्या फोनला नवी अंगं फुटतात, हे तेव्हा अपूर्वाईचं होतं.

पण अंगं फुटली तरी अंगरखा तेवढाच होता. फोनमध्ये साठवणीची जागा २५६ एमबी, त्यातली अ‍ॅपसाठी उरायची जेमतेम ७०. मेमरी कार्ड कितीही मोठं घाला, अ‍ॅप त्यावर ठेवता येत नव्हतं. मग चाळीतल्या एका खोलीसारखा हिशेब सुरू झाला: नवा पाहुणा आला की कुणाला तरी बाहेर झोपवायचं. आधी कॅश पुसायची, मग एखादा खेळ काढायचा, मग नकाशा ठेवायचा की ब्राउझर यावर घोळ. प्रत्येक सुधारणेनं एक तक्रार मिटायची आणि खोली आणखी अरुंद वाटायची.

अधिकृत सुधारणांची वाट अँड्रॉइड १.६ वर संपली. पुढचं अँड्रॉइड नव्या फोनांसाठी होतं. मात्र त्या जुन्या चुकीनं एक उपकारही करून ठेवला होता. रीबूटचा हुकूम चालतो, तर दुसरेही चालतील, हे हौशी मंडळींनी ताडलं आणि त्याच भोकातून फोनचा पूर्ण ताबा मिळवला. दुरुस्ती आल्यावरही लोक मुद्दाम जुनी, सदोष आवृत्ती टाकून आत शिरायचे. स्टीव्ह कोंडिक यांचं ‘सायनोजेनमॉड’, म्हणजे अँड्रॉइडचं हौशी रूप, याच फोनवर वाढलं. ज्यांनी ते टाकलं, त्यांचे जी१ पुढची अँड्रॉइडही धापा टाकत चालवत राहिले. ज्यांनी नाही टाकलं, त्यांचे दोन वर्षांचा करार संपेपर्यंत म्हातारे झाले.

भारतात जी१ रीतसर आलाच नाही. इथला पहिला अँड्रॉइड म्हणजे २००९ मधला एचटीसी मॅजिक. अमेरिकेतल्या ज्या मराठी माणसांनी जी१ घेतला असेल, त्यांच्या वाट्याला एक जादा तक्रार आली असणार. फोनमध्ये देवनागरीचा फॉन्टच नव्हता. घरून आलेली मराठी ईमेल उघडली की रिकाम्या चौकोनांची रांग दिसायची.

आज अँड्रॉइड मराठी बोलतं. जागा संपली की ‘स्टोरेज कमी आहे’ असं चांगल्या देवनागरीत सांगतं. आपणही जुन्या सवयीनं आधी कॅश पुसतो, मग कुणाला बाहेर झोपवायचं ते ठरवतो.