किनाऱ्यावरील तापमान : मासिक सरासरी कशी वाचावी?

रत्नागिरीचे मासिक सरासरी तापमान जानेवारीत सुमारे 25 अंश सेल्सिअस, तर मे महिन्यात 29 ते 30 अंश असते. वर्षभरातील फरक जेमतेम पाच अंशांचा. असे असूनही हापूसचा मोहोर एखाद्या वर्षी लवकर, एखाद्या वर्षी उशिरा येतो आणि मार्चमध्ये अनपेक्षित फळगळ होते. याचे उत्तर सरासरी ज्या दोन आकड्यांपासून तयार होते, त्यांत दडलेले आहे.

सरासरी व सामान्य तापमान

दिवसाचे कमाल व किमान तापमान यांच्या बेरजेची निमपट म्हणजे त्या दिवसाचे सरासरी तापमान. महिन्याच्या सर्व दिवसांवरून मासिक सरासरी मिळते, आणि अशा 30 वर्षांच्या नोंदींवरून त्या महिन्याचे ‘सामान्य’ तापमान ठरते.

समुद्राचा प्रभाव

तुलनेसाठी समुद्रापासून हजार किलोमीटरहून अधिक दूर, शिवालिक डोंगरांच्या पायथ्याशी वसलेले चंदीगड पाहू. तेथे जानेवारीत सरासरी कमाल तापमान सुमारे 20 व किमान सुमारे 7 अंश असते. जूनमध्ये हेच आकडे सुमारे 38 व 26 अंशांवर जातात. म्हणजे मासिक सरासरीत सुमारे 18 अंशांचा फरक पडतो. पाणी जमिनीपेक्षा सावकाश तापते व सावकाश निवते. त्यामुळे समुद्र किनाऱ्यावरील हवेचे चढउतार सौम्य करतो. चंदीगडला हे संरक्षण नाही.

फरक रात्रीचा

रत्नागिरीत जानेवारीचे सरासरी कमाल तापमान सुमारे 31 अंश, तर मे महिन्याचे सुमारे 33 अंश असते. जुलै-ऑगस्टमध्ये ढगांमुळे ते 29 अंशांच्या आसपास उतरते. म्हणजे तेथील दुपार जानेवारीपेक्षा पावसाळ्यात अधिक थंड असते. किमान तापमान मात्र मे महिन्यात सुमारे 26, तर जानेवारीत 18 ते 19 अंश असते. हिवाळ्यात निरभ्र आकाश व जमिनीवरून येणारे कोरडे वारे यांमुळे रात्री उष्णता लवकर निघून जाते. किनाऱ्यावर हिवाळा जाणवतो तो रात्रीच.

आंब्याच्या दृष्टीने हीच बाब निर्णायक आहे. पावसाळ्यानंतर पालवी जून झाली, जमिनीतील ओलावा कमी झाला आणि रात्री पुरेशा थंड राहिल्या की मोहोर फुटण्यास चालना मिळते. रात्री उबदार राहिल्यास मोहोर लांबतो. उलट, फळधारणेनंतर थंडी लांबल्यास त्याच फांदीवर पुन्हा मोहोर येतो. अन्नद्रव्ये त्याकडे वळतात आणि आधी धरलेली लहान फळे गळतात. दोन्ही वर्षांची मासिक सरासरी जवळपास सारखीच दिसू शकते.

मार्चमधील उष्ण दिवस

मार्चमध्ये पूर्वेकडील वारे जोरदार असतील व समुद्रावरील वारा उशिरा सुरू झाला, तर किनाऱ्यावर पारा अचानक चढतो. भारतीय हवामान विभाग मैदानी भागात उष्णतेच्या लाटेसाठी किमान 40 अंशांची अट लावतो; किनारपट्टीसाठी मात्र कमाल तापमान 37 अंश व सामान्यापेक्षा किमान 4.5 अंशांनी अधिक असणे पुरेसे मानले जाते. असे तीन-चार दिवस महिन्याच्या सरासरीत अर्ध्या अंशाचाही फरक पाडत नाहीत, पण कोवळ्या फळांची गळ व करपणे वाढवतात. पिकाच्या नाजूक अवस्थेतील उष्णता चंदीगडच्या परिसरालाही चुकलेली नाही. मार्च 2022 मधील असाधारण उष्णतेने पंजाब-हरियाणात गव्हाचा दाणा आक्रसला होता.

बागायतदारांनी काय करावे?

- बागेत सावलीत, हवा खेळती राहील अशा ठिकाणी, जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर उंचीवर कमाल-किमान तापमापक बसवावा.
- नोव्हेंबर ते फेब्रुवारी रोजच्या किमान, तर मार्च-एप्रिलमध्ये कमाल तापमानाची नोंद ठेवावी. शेजारी पालवी, मोहोर व फळधारणेच्या तारखा लिहाव्यात.
- उष्ण दिवसांचा इशारा मिळताच आळ्यात आच्छादन करावे, सोय असल्यास पाणी द्यावे. गोटीच्या आकाराच्या फळांना कागदी पिशव्या घालाव्यात.
- पुनर्मोहोर दिसू लागल्यास संजीवकाच्या वापराबाबत कृषी विद्यापीठाचा सल्ला घ्यावा.

मासिक सरासरीवरून कोणते पीक कोठे घ्यावे हे ठरवता येते. फवारणी, पाणी व काढणी यांचे निर्णय मात्र रोजच्या कमाल-किमान नोंदींवरच घ्यावेत.