अकरा दिवस मागे चालणारं गाव

डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात बर्गहेडला सूर्य उगवतो ९च्या सुमारास आणि साडेतीनला मावळतोसुद्धा. भर दुपारी तो क्षितिजापासून जेमतेम ९ अंश वर येतो. त्याच दिवशी मुंबईत तो ४७ अंशांवर असतो. साडेसहा तासांच्या या दिवसाला दुपार अशी नसतेच. सकाळची लांब सावली थेट संध्याकाळच्या सावलीला जाऊन मिळते.

स्कॉटलंडच्या ईशान्य किनाऱ्यावर, मरे फर्थ नावाच्या रुंद आखातात घुसलेल्या खडकाळ टोकावर हे गाव वसलेलं आहे. वस्ती दोनेक हजारांची, तीन बाजूंना समुद्र. एवढ्या उत्तरेला आहे म्हणून बर्फात गाडलेलं असेल, असं मात्र समजू नये. अटलांटिकमधून येणाऱ्या उबदार प्रवाहामुळे जानेवारीतही दिवसाचा पारा सहा-सात अंशांपर्यंत चढतो. पश्चिमेकडचे डोंगर पाऊस अडवतात, त्यामुळे हा किनारा स्कॉटलंडच्या मानाने कोरडाही आहे. त्रास थंडीचा कमी, वाऱ्याचा जास्त. बसकी दगडी घरं एकमेकांना चिकटून उभी आहेत ती त्यासाठीच.

गावाच्या सरळ, समांतर गल्ल्या आखल्या गेल्या १८०५ ते १८०९ या काळात. त्या आखणीपायी जे गेलं ते आठवलं की हळहळ वाटते. याच टोकावर पिक्ट या इथल्या प्राचीन लोकांचा, आजवर माहीत असलेल्यांतला सर्वांत मोठा किल्ला होता. गाव आणि बंदर बांधताना त्याची निम्म्याहून अधिक तटबंदी उकलली गेली आणि दगड बांधकामात गेले. बैल कोरलेल्या तीसेक शिळा तेव्हा सापडल्या होत्या. आज त्यांतल्या ६ उरल्या आहेत. बाकीच्या धक्क्याच्या भिंतीत चिणल्या गेल्या असाव्यात, असा समज आहे. अलीकडे अॅबर्डीन विद्यापीठाच्या उत्खननात इथल्या एका लांब घराच्या जमिनीवर आल्फ्रेड राजाचं नाणं मिळालं. म्हणजे पार दक्षिण इंग्लंडचा पैसा एके काळी या टोकापर्यंत पोचत होता!

हिवाळ्यात इथे पर्यटक जवळपास नसतातच. हेरिंग मासळीच्या हंगामात गजबजणारं बंदर आता खेकडे आणि शेवंडी पकडणाऱ्या छोट्या होड्यांचं आहे, आणि वारा फिरला की त्याही बांधलेल्या राहतात. गावाबाहेर बार्ली भिजवून, मोड आणून, वाळवण्याचा मोठा कारखाना आहे. मोड आलेलं हे धान्य व्हिस्कीच्या भट्ट्यांकडे जातं. जवळच बीबीसीचे उंच मनोरे उभे आहेत. १९३६ सालापासूनचं हे प्रक्षेपण केंद्र वर्षानुवर्षं लाँगवेव्हवरून दर्यावर्दींसाठीचा हवामान अंदाज पाठवत आलं. त्यात या किनाऱ्यापुढच्या समुद्राला ‘क्रोमार्टी’ म्हणतात. वारा किती, लाटा कशा, दृश्यता काय, एवढंच ठरावीक शब्दांत सांगितलं जातं. पण ज्यांना समुद्रावर जायचं नाही तेही ते मन लावून ऐकतात.

गावात शांतता असली तरी पाण्यावर ती नसते. आर्क्टिक भागात वीण करणारी लांब शेपटीची बदकं हिवाळा काढायला इथे उतरतात आणि दिवसभर कलकलाट करतात. त्यांच्यासाठी हा दक्षिणेकडचा उबदार मुलूख!

नाताळ इथे फारसा जुना नाही, हे ऐकून अनेकांना नवल वाटतं. सोळाव्या शतकातल्या धर्मसुधारणेनंतर स्कॉटिश चर्चने नाताळ हा कॅथलिकांचा सोहळा ठरवून मोडून काढला. १६४० साली संसदेने त्याची सुट्टीच रद्द केली. स्कॉटलंडमध्ये २५ डिसेंबर सार्वजनिक सुट्टी झाला तो थेट १९५८ साली. खरा सण म्हणजे हॉगमने, ३१ डिसेंबरची रात्र. मध्यरात्रीनंतर उंबरठा ओलांडणारा पहिला माणूस काळ्या केसांचा असावा आणि त्याच्या हातात कोळसा असावा, तर वर्ष चांगलं जातं.

बर्गहेडला एक हॉगमने पुरत नाही.

१७५२ साली ब्रिटनने जुनी ज्युलियन दिनदर्शिका सोडली. २ सप्टेंबरची रात्र सरली आणि सकाळी १४ सप्टेंबर उजाडला. मधले ११ दिवस कागदावरून गेले. पंचांग आणि कॅलेंडर एकाच खिळ्याला टांगणाऱ्या आपल्याला यात अडचण वाटणार नाही, पण तिथे अनेकांनी सण जुन्याच हिशेबाने चालू ठेवले. बर्गहेडची वर्षअखेर त्या हिशेबाने येते ११ जानेवारीला, आणि त्या संध्याकाळी क्लेव्ही पेटते.

क्लेव्ही म्हणजे कापलेलं लाकडी पिंप, डांबर आणि लाकडाने भरलेलं, एका जाड खांबावर ठोकून बसवलेलं. ठोकायला हातोडी वापरत नाहीत, दगड वापरतात. पेटवायला चुलीतला पीटचा, म्हणजे जळाऊ दलदली मातीचा, निखारा लागतो. गावच्या जुन्या घराण्यांतले पुरुष हे जळतं ओझं आळीपाळीने खांद्यावर घेऊन गल्ल्यांमधून फिरवतात. वाहणारा अडखळला तर तो अपशकुन. ठरलेल्या घरांपुढे थांबून जळके तुकडे दिले जातात. शेवटी डूरी टेकडीवर, म्हणजे त्याच किल्ल्याच्या उरल्यासुरल्या तटावर, पिंप ठेवून आणखी इंधन ओततात आणि आग उतारावरून खाली वाहते. विझल्यावर कोळसे वेचायला झुंबड उडते. कोकणात होळीचा निखारा घरच्या चुलीत नेतात तसंच हे. काही कोळसे टपालाने परदेशातल्या आप्तांकडेही जातात.

ही प्रथा पिक्टांची की नॉर्स लोकांची, यावर भरपूर शाई खर्ची पडली आहे. अठराव्या शतकात चर्चने ती बंद पाडायचा प्रयत्न केला, तोही फुकट गेला. मला तिचं मूळ शोधण्यापेक्षा तिचं टिकणं जास्त कुतूहलाचं वाटतं. ११ जानेवारी हा देशात कोणाच्याच सणाचा दिवस नाही. दुकानांच्या सवलती संपलेल्या असतात, पाहुणे परतलेले असतात, दुसऱ्या दिवशी कामावर जायचं असतं. या पडीक तारखेवर कोणी डोळा ठेवला नाही, म्हणून ती गावाच्या हातात राहिली. उन्हाळ्यात असती तर केव्हाच तिकीट लागलं असतं.

बर्गहेड यात एकटं नाही. शेटलंड द्वीपसमूहातल्या फौला या इवल्याशा बेटावर जुना नाताळ ६ जानेवारीला आणि नवं वर्ष १३ जानेवारीला साजरं होतं. म्हणजे बर्गहेड ११ दिवस मागे, तर फौला १२. ज्युलियन हिशेबात १८०० हे लीप वर्ष होतं, नव्या हिशेबात नव्हतं. फौलाने तो दिवस धरला, बर्गहेडने सोडून दिला. १९०० सालचा तसाच दिवस मात्र दोघांनीही धरला नाही; तो धरणारी अस्सल ज्युलियन दिनदर्शिका आज १३ दिवस मागे आहे. कोणाचं बरोबर, हे विचारायला फौलाला जायचं तर बोट हवामान बरं असेल तरच सुटते, आणि जानेवारीत ते क्वचितच बरं असतं.