माऊस दुरुस्त करावा की बदलावा?

मागच्या जूनमध्ये मोडनिंबच्या एका सेवा केंद्रात दीड तास बसायचा योग आला. भाचीला उत्पन्नाचा दाखला हवा होता. दहावी-बारावीचे निकाल लागले की माढा तालुक्यातल्या कुठल्याही गावात अशा केंद्रांवर जी गर्दी होते, तीच इथेही होती. कुणाला दाखला, कुणाला शिष्यवृत्तीचा अर्ज, कुणाला सातबारा. काउंटरमागे एकच ताई, एकच कॉम्प्युटर.

आमचा नंबर आला. जिल्हा सोलापूर, तालुका माढा. ताईंनी पान खाली सरकवायला माऊसचं चाक फिरवलं आणि गावाची यादी उघडली. यादीत मोडनिंबच नाही! दोनदा वर-खाली बघितलं, तरी नाही. मग भाचीच्या लक्षात आलं, "ताई, तालुका माळशिरस झालाय."

झालं होतं असं, की तालुका निवडल्यावर तो रकाना निवडलेलाच राहिला होता. अशा वेळी काही फॉर्ममध्ये चाक फिरवलं की पान सरकत नाही, यादीतलं नाव सरकतं. त्यात चाक अडखळत, उड्या मारत फिरत होतं. माढ्याच्या खाली माळशिरस, तिथे जाऊन ते थांबलं. गाव सापडलं नाही म्हणून चूक कळली. जन्माचा महिना किंवा प्रवर्ग असा एका घराने सरकला असता, तर कदाचित कुणाच्याच ध्यानात आलं नसतं आणि अर्ज ऐन प्रवेशाच्या दिवसांत परत आला असता.

"चार दिवस झालं, असंच चाललंय बगा," ताई म्हणाल्या. "एकदा दाबलं की दोनदा दाबतंय, आणि कधी दाबूनबी दबत नाही." हे सांगताना त्या डाव्या हाताने उजवं मनगट चोळत होत्या. संध्याकाळपर्यंत हात भरून येतो, हेही त्यांनी सांगितलं. पण ते कामाच्या रेट्यामुळे, असा त्यांचा समज होता. मी बघत होतो, तर त्या प्रत्येक क्लिकला बोट नव्हे, अख्खा पंजा दाबत होत्या. बिघडलेल्या माऊसची भरपाई हात करत होता.

आजच्या लेखाचा विषय तोच. माऊसमध्ये नेमकं काय बिघडलंय हे घरच्या घरी कसं ओळखायचं, आणि दुरुस्तीचा नाद सोडून तो बदलायचा कधी?

आत असतं तरी काय?

पहिला माऊस १९६४ मध्ये अमेरिकेत तयार झाला. कल्पना डग्लस एंगेलबार्ट यांची, बनवला बिल इंग्लिश यांनी. लाकडी खोकं, खाली दोन चाकं आणि वर एक बटण. शेपटीसारख्या वायरमुळे त्याला माऊस हे नाव पडलं. आपल्याकडे ज्यांनी सुरुवातीच्या काळात एमएस-सीआयटी केलं, त्यांना खाली गोळी असलेला माऊस आठवत असेल. गोळी काढायची आणि आतल्या दांड्यांवर जमलेला मळ नखाने खरवडायचा, हा त्या वेळचा सर्वांत खात्रीचा उपाय होता.

आता गोळी गेली. तिच्या जागी एक दिवा आणि एक चिमुकला कॅमेरा आला. दिवा टेबलावर तिरका उजेड टाकतो. त्या उजेडात टेबलाचे बारीक खडबडीतपण दिसतं आणि कॅमेरा त्याचे सेकंदाला हजाराहून जास्त फोटो काढतो. आधीचा फोटो आणि आताचा फोटो ताडून पाहिला, की माऊस किती आणि कुठे सरकला हे आतली चिप काढते. म्हणूनच काचेवर किंवा गुळगुळीत चकचकीत सनमायकावर माऊस वेड्यासारखा वागतो. तिथे फोटोत ओळखीची खूणच सापडत नाही.

थोडक्यात, माऊसमध्ये बिघडण्यासारख्या चारच गोष्टी. बघणारा डोळा, दाबायची बटणं, फिरणारं चाक आणि निरोप पोचवणारी वायर किंवा बिनतारी यंत्रणा.

दहा मिनिटांची तपासणी

पहिली पायरी अदलाबदलीची. हा माऊस दुसऱ्या कॉम्प्युटरला लावा आणि दुसरा माऊस या कॉम्प्युटरला. दोष माऊसबरोबर गेला तर माऊस बिघडलाय. दोष जागेवरच राहिला तर कॉम्प्युटर किंवा त्याची यूएसबीची खाच बघावी लागेल. एवढी एक गोष्ट न केल्यामुळे अनेकजण चांगला माऊस फेकतात आणि नव्या माऊसलाही तोच त्रास होतो. दुसरा कॉम्प्युटर नसेल, तर निदान यूएसबीची खाच बदलून पाहा आणि कॉम्प्युटर एकदा बंद करून सुरू करा.

बाण थरथरत असेल किंवा उड्या मारत असेल, तर माऊस उलटा करा. पोटाच्या भोकात बहुतेकदा केस, धागा किंवा धुळीची गुठळी अडकलेली असते. फुंकर मारताना थुंकी उडते, म्हणून कोरडा मऊ ब्रश वापरा. मग माऊस साध्या पांढऱ्या कागदावर चालवून बघा. कागदावर नीट चालला, तर दोष टेबलाचा. जुन्या वहीचा पुठ्ठाही माऊस पॅडचं काम करतो. लाल दिवा दिसत नाही म्हणून माऊस मेला असं समजू नका. काही माऊसमधला उजेड डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांचा असतो.

माऊस मध्येच बंद पडून पुन्हा सुरू होत असेल, तर वायर जिथे माऊसमध्ये शिरते ती जागा बोटांनी हलकेच वाकवून बघा. आतली तार बहुतेकदा तिथेच तुटते. वाकवल्यावर चालू-बंद होत असेल, तर निदान झालं.

बिनतारी माऊस असेल, तर आधी सेल बदला. तरी अडखळत असेल, तर छोटा रिसीव्हर कुठे लावलाय ते बघा. हे माऊस २.४ गिगाहर्ट्झच्या लहरींवर चालतात, आणि बऱ्याच वाय-फाय राउटरच्या आणि ब्लूटूथच्या लहरीही त्याच पट्ट्यात असतात. त्यात निळ्या रंगाच्या यूएसबी ३ खाचेला बाहेरची हार्ड डिस्क लावलेली असेल, तर तिच्यातून निघणारा गोंगाटही याच पट्ट्यात येतो. रिसीव्हर हार्ड डिस्कपासून दूर, कॅबिनेटच्या समोरच्या बाजूला लावला तर पुष्कळदा तक्रार मिटते.

चाक अडखळत असेल, तर त्यात मळ आणि केस गुंतलेले असतात. सफाईने ते काही दिवस सुधारतं. पण यादीतून काही निवडल्यावर पानाच्या रिकाम्या जागी एकदा क्लिक करूनच चाक फिरवायचं, ही सवय माऊस चांगला असला तरी लावून घ्या.

सफाई करताना वायर काढून घ्या किंवा सेल बाहेर काढा. कापसाच्या बोळ्यावर आयसोप्रोपाइल अल्कोहोलचे दोन थेंब पुरेत. मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात ते मिळतं. पाणी, पेट्रोल, थिनर नको. हात धुवायचं सॅनिटायझरही नको, त्यात ग्लिसरीन असतं आणि ते चिकट थर सोडतं.

एक दाबलं, दोन उमटलं

सगळ्यात जास्त तक्रार बटणाचीच. बटणाखाली एक इवलीशी पेटी असते आणि तिच्यात धातूची पातळ, बाकदार पट्टी. दाबलं की ती टक् करून उलटते आणि दुसऱ्या टोकाला चिकटते. चिकटताना ती काही हजारांश सेकंद उसळते, जमिनीवर टाकलेला चेंडू दोन-चार टप्पे खातो तशी. माऊसच्या चिपला हे ठाऊक असतं. एवढ्या कमी वेळात आलेले जास्तीचे दाब ती सोडून देते.

वापराने पट्टी सैल पडते, टोकावर काजळी आणि गंज चढतो. मग उसळी लांबते आणि चिपला तो दुसरा क्लिक वाटतो. उलट कधी संपर्कच होत नाही, तेव्हा दाबूनही काही घडत नाही. ताईंच्या दोन्ही तक्रारींचं मूळ एकच होतं.

हे तपासायला सोपी परीक्षा आहे. एखाद्या फोल्डरवर सावकाश, एकेक असे पन्नास क्लिक करा. एकदाही फोल्डर उघडला, तर बटण दोनदा उमटतंय. (एका क्लिकने फोल्डर उघडण्याची सोय सेटिंगमध्ये आधीच चालू नाही ना, एवढं पाहून घ्या.) दुसरी परीक्षा म्हणजे स्क्रीनच्या मोकळ्या जागी बटण दाबून धरून चौकोन ओढा. बोट न उचलता चौकोन मध्येच सुटला, तर बटणाचं आयुष्य संपत आलंय.

हिशेब करून बघू. समजा, दिवसाला ३,००० क्लिक आणि वर्षाचे ३०० दिवस काम. वर्षाला ९ लाख क्लिक झाले. ज्या बटणाचं आयुष्य ३० लाख दाबांचं आहे, ते साधारण तीन वर्षं चार महिन्यांत थकणार. घरी दिवसाला दोनशे क्लिक करणाऱ्याला तेच बटण कितीतरी वर्षं पुरेल. सेवा केंद्रातला माऊस लवकर मरतो, त्यात कुणाचा दोष नसतो.

काम अर्धवट असताना बटण गेलं, तर घाबरू नका. माऊसच्या सेटिंगमध्ये मुख्य बटण डाव्याऐवजी उजवं करता येतं. उजवं बटण कमी वापरलेलं असल्याने बहुधा धड असतं. माऊस पुरताच मेला, तर टॅबने पुढच्या रकान्यात जाता येतं आणि एंटर किंवा स्पेसने निवडता येतं. विंडोजमध्ये डावीकडचं ऑल्ट, डावीकडचं शिफ्ट आणि नम लॉक एकदम दाबलं, की आकड्यांच्या बटणांनी बाण हलवायची सोयही सुरू होते.

हात काय सांगतो?

चांगल्या माऊसचा एक क्लिक म्हणजे बोटावर साधारण साठ-सत्तर ग्रॅमचा भार. बटण दाद देईनासं झालं, की आपण नकळत त्याच्या कितीतरी पट जोर लावतो. माऊस घट्ट आवळून धरतो, मनगट वर उचलतो, आणि क्लिक लागला की नाही या धास्तीने खांदाही ताठ होतो. हे दिवसातून तीन हजार वेळा.

त्याचा परिणाम आधी कोपराखालच्या स्नायूंवर आणि अंगठ्याच्या बाजूच्या कंडरांवर दिसतो. हात जड होणं, ठणकणं, सकाळी बोटं आखडणं ही त्याची लक्षणं. अंगठा आणि पहिली दोन बोटं रात्री बधिर होत असतील, मुंग्यांनी जाग येत असेल आणि करंगळीला काही होत नसेल, तर मनगटातल्या बोगद्यात नस दाबली जात असण्याची शंका घ्यावी. याला कार्पल टनेल सिंड्रोम म्हणतात. तो केवळ माऊसमुळे होतो असं म्हणता येत नाही. मधुमेह, थायरॉइड, गरोदरपण, संधिवात ही कारणंही त्यामागे असतात. म्हणून बाम चोळत बसण्यापेक्षा डॉक्टरांना दाखवावं. वस्तू हातातून निसटू लागल्या किंवा अंगठ्याच्या बुडाचा मांसल भाग ओसरलेला दिसला, तर अजिबात थांबू नये.

बाकी काळजी साधी आहे. माऊस की-बोर्डच्या शेजारी, त्याच उंचीवर हवा. काउंटरवर कागदांच्या ढिगापलीकडे माऊस ठेवला की खांदा ताणला जातो. मनगट सरळ ठेवा, हात कोपरातून हलवा, माऊस अंड्यासारखा हलका धरा. दर अर्ध्या तासाने मिनिटभर हात खाली सोडा.

मग बदलायचा कधी?

डोळ्यात कचरा, खराब टेबल, संपलेले सेल, चुकीची खाच यासाठी माऊस बदलू नका. हे दोष फुकटात किंवा दहा-वीस रुपयांत जातात.

बटण दोनदा उमटू लागलं, तर मात्र वाट बघू नका. ते आपोआप सुधारत नाही. आधी बिल शोधा. अनेक माऊसना एक ते तीन वर्षांची वॉरंटी असते, आणि माऊस उघडला की ती जाते. वॉरंटी संपलेली असेल आणि माऊस महागाचा असेल, तर आतलं बटण बदलून घेता येतं. तो सुटा भाग स्वस्त असतो, फक्त डाग देणारा हात सराईत हवा. दोन-तीनशे रुपयांच्या साध्या माऊसवर ही मेहनत परवडत नाही. चाक उड्या मारत असेल आणि तुम्ही दुसऱ्यांचे अर्ज भरत असाल, तर तो माऊस त्याच दिवशी काउंटरवरून उचला. नवा घेताना पंजात बसतो का ते हातात धरून बघा, आणि दुकानातल्या कामासाठी वायरचाच घ्या. ऐन गर्दीत सेल संपत नाहीत.

जुना माऊस भंगारात देताना एक लक्षात ठेवा. तांब्यासाठी वायर जाळली, की तिच्या प्लॅस्टिकच्या धुरातून आम्लाची वाफ आणि डायॉक्सिनसारखी घातक द्रव्यं बाहेर पडतात. तो धूर आधी जाळणाऱ्याच्या आणि मग आजूबाजूच्या पोराबाळांच्या छातीत जातो. देशात १ एप्रिल २०२३ पासून ई-कचऱ्याचे नवे नियम लागू आहेत आणि असा कचरा नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांकडेच जायला हवा. जवळ सोय नसेल, तर सेल काढून माऊस एका खोक्यात साठवा आणि सोलापूर-पुण्याकडे जाणं होईल तेव्हा संकलन केंद्रात द्या.

त्या दिवशी ताईंनी शेवटी ड्रॉवरमधून एक जुना माऊस काढला, पुसला, जोडला. तालुका पुन्हा माढा झाला, यादीत मोडनिंब सापडलं, अर्ज गेला. आठवड्याने दाखला आणायला गेलो, तर काउंटरवर नवा माऊस होता आणि त्याच्याखाली पुठ्ठा. हात कसा आहे विचारलं. "आता संध्याकाळी भाकरी थापताना जाणवत नाही," त्या म्हणाल्या आणि पुढचा नंबर पुकारला.