फवारणीच्या ड्रोनकरिता तारेची निवड

मोटेने पाणी काढण्याच्या काळी शहाणा शेतकरी हंगामापूर्वी प्रथम नाडा पारखून घेई. मोट नवी असो, बैल धष्टपुष्ट असोत. नाडा तुटला की मोट विहिरीत जावयाची आणि बैल धावेवर कोलमडावयाचे. आजच्या फवारणीच्या ड्रोनमध्ये हे नाड्याचे काम बॅटरीपासून मोटरांपर्यंत वीज नेणारी तार करीत असते. टाकी, पंखे व बॅटरी यांची चौकशी सर्वच करतात. तारेची मात्र क्वचितच कोणी करतो.

2023 साली केंद्र सरकारने निवडक 15,000 महिला बचत गटांस ड्रोन पुरविण्याची योजना मंजूर केली. तेव्हापासून हे यंत्र गावोगावी दिसू लागले आहे, व त्याबरोबर त्याच्या दुरुस्तीचा प्रश्नही गावात आला आहे. आमच्या पाहण्यातील एका गटाने 10 लिटरच्या ड्रोनची मुख्य तार गावातच बदलून घेतली. नवी तार जुनीपेक्षा जाड दिसत होती. परंतु दोन-तीन उड्डाणांनंतर ती हातास चटका देऊ लागली. कापून पाहता आवरणच जाड व आतील तांबे अगदी थोडे, असे आढळले. वेळीच लक्ष गेले म्हणून बरे. एरवी औषधाने भरलेली टाकी घेऊन ते यंत्र खाली काम करणाऱ्या माणसांवर कोसळले असते.

याचे कारण समजून घेणे अवघड नाही. तारेतील उष्णता विद्युत्प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. प्रवाह दुप्पट झाला की उष्णता चौपट. समजा, प्रवाह 80 अँपिअर आहे व जाण्यायेण्याची मिळून तार 1 मीटर आहे. अमेरिकन 12 गेजच्या तारेत, म्हणजे सुमारे 3.3 चौरस मिलिमीटर तांब्यात, अशा वेळी सुमारे 33 वॉट शक्ती उष्णतेच्या रूपाने वाया जाते. डाख देण्याची लहान विजेची कांडीदेखील 25 वॉटची असते! तेथेच 8 गेजची, सुमारे 8.4 चौरस मिलिमीटरची तार घातली तर हा व्यय 13 वॉटांवर येतो. तांब्याचे वजन वाढते ते अवघे 45 ग्रॅम, म्हणजे छटाकभरही नाही. गेजचा आकडा जितका मोठा तितकी तार बारीक, हे ध्यानात ठेवावे. शिवाय आपल्याकडे ब्रिटिश गेजही चालतो व त्याचे आकडे अमेरिकन गेजशी जुळत नाहीत. सबब दुकानदारास चौरस मिलिमीटरच विचारावे.

आवरण सिलिकोनचे असावे. चांगले सिलिकोन सुमारे 200 अंश सेल्सिअसपर्यंत टिकते, सामान्य पी.व्ही.सी. 70 ते 105 अंशांच्या आतच हार खाते. आतील तांब्याचे तंतू केसासारखे बारीक असावेत. चांगल्या 8 गेजच्या तारेत 0.08 मिलिमीटर जाडीचे सुमारे 1,650 तंतू असतात. ड्रोनच्या भुजा रोज मिटाव्या व उघडाव्या लागतात, आणि उडताना यंत्र सतत थरथरते. मोजक्या जाड तंतूंची ताठ तार अशा ठिकाणी लवकर मोडते. तंतूंवर कल्हई असल्यास औषधांच्या ओलीने तांबे लवकर गंजत नाही.

पारख पुढीलप्रमाणे करावी. तुकड्यातील एक तंतू ब्लेडने खरवडावा. कल्हईखाली आरपार लाल तांबे दिसले तर माल खरा. लालीच्या आत पुन्हा पांढरी धातू निघाली तर ते तांब्याचा मुलामा दिलेले ॲल्युमिनियम समजावे व ती तार परत करावी. आवरणाचा कपटा मोकळ्या जागी जाळून पाहावा. सिलिकोन वितळून ठिबकत नाही व मागे पांढरी राख ठेवते, पी.व्ही.सी. मऊ होऊन काळा, उग्र धूर सोडते.

सिलिकोनचा एक दोष सांगितलाच पाहिजे. ते उष्णता सोसते, परंतु धारदार कडेने चटकन फाटते. भुजेची नळी कार्बन तंतूंची असते व कार्बनमधून वीज वाहते. म्हणून तार जेथून नळीत शिरते तेथे रबरी कडे अवश्य बसवावे. डाख तंतूंतून फार वर चढू देऊ नये. तो चढला की लवचीक तारही तेवढ्या जागी ताठ होते व तेथेच तुटते. सांध्यापाशी तारेस थोडी ढील ठेवावी.

उत्पादकाने नेमलेल्या मापाहून बारीक तार कदापि घालू नये, आणि शक्य तेथे हे काम त्याच्या अधिकृत कारागिराकडूनच करवून घ्यावे. रोज फवारणी आटोपल्यावर बॅटरी सोडवून तारेस व कनेक्टरास हात लावून पाहावा. बैलाच्या खांद्यावरून रोज हात फिरविणाऱ्या आमच्या शेतकरी बंधुभगिनींस ही सवय नवी नाही, असा आमचा भरवसा आहे.