संगीत सौभद्र आणि विंगेतले आम्ही

गळीत हंगाम संपला, चिमणीचा धूर थांबला, की आमच्या गावाला दुसरे वेध लागत. चैत्रातली यात्रा आणि यात्रेतले संगीत नाटक! जुन्या सभासद बंधूंना हे सांगायला नको. तरुण सभासदांसाठी मात्र ही थोडी आठवण.

१९७८ साली आमच्या मंडळींनी ‘संगीत सौभद्र’ धरले. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या या नाटकाचे पहिले तीन अंक १८८२ साली पुण्यात रंगभूमीवर आले आणि पुढच्या वर्षी पाच अंकांचे पूर्ण नाटक. पदे शंभराच्या वर! सगळी म्हणायची तर कोंबडा आरवायचा. म्हणून मास्तरांनी निम्म्याहून अधिक गाळली, तरी रात्रीचे दोन वाजलेच. कथा साऱ्यांच्या ओळखीची. सुभद्रा अर्जुनाला मिळावी ही कृष्णाची इच्छा आणि तिला दुर्योधनाला द्यायचा बलरामदादांचा हट्ट. घरातल्या लग्नाचा हा तंटा बघायला पंचक्रोशीतल्या बैलगाड्या सांजेपासून येऊन सुटत.

आमचा बलराम म्हणजे पॅनमन, कृष्ण वजनकाट्यावरचा कारकून, घटोत्कच बॉयलरवरचा फायरमन. सुभद्रा आणि रुक्मिणी यांच्यासाठी मात्र शहरातून गाणाऱ्या बाई ठरवून आणाव्या लागत. त्यांची बिदागी वर्गणीतून. ऑर्गन भाड्याचा, तबला भजनी मंडळाचा.

पडद्यामागचा संसार तर विचारूच नका. फळ्या टाकून रंगमंच, बारदान शिवून विंगा. सुताराने भोपळा कोरून नारदाची वीणा केली. रंगपटात सफेदा, पिवडी आणि कुंकू यांची ताटली घेऊन एक जण बसे, आणि समोर ओळीने देव आणि राक्षस! घटोत्कचाच्या मिशा स्पिरिट गमने चिकटवल्या, पण घामाने एक बाजू सुटली. गड्याने ती हाताने दाबून धरली आणि तसाच सुभद्रेला पळवून नेण्याचा प्रवेश केला. लोक हसून लोळले.

वायरमनने डिमर बनवला होता मिठाच्या पाण्याचा. मोठ्या बरणीत मिठाचे पाणी आणि त्यात दोन पत्रे. वरचा पत्रा खाली सोडला, की दिवा उजळे. वर ओढला, की मंद होई. आज असले धाडस कुणी करू नये. पण त्या रात्री रंगमंचावर चांदणे पडले ते त्याच बरणीतून. वीज गेलीच तर हाताशी असाव्यात म्हणून दोन पेट्रोमॅक्स विंगेत पेटत्या ठेवलेल्या.

आता आमची गोष्ट. आदल्या दोन नाटकांत आम्ही गायलो होतो. नारद आपलाच, असे धरूनच चाललो होतो. पण तालमीत वरचा षड्ज लागेना. चार दिवस मास्तर गप्प राहिले. पाचव्या दिवशी म्हणाले, “तुम्ही आता प्रॉम्प्टिंगला बसा. पुस्तक तुमच्याइतकं कुणाला पाठ नाही.” नारद मिळाला एका विशीतल्या पोराला. आम्ही वरवर हसलो, पण घरी जाऊन दोन घास धड खाल्ले नाहीत.

प्रॉम्प्टरचे काम वाटते तितके सोपे नाही. नट थांबला आहे की विसरला आहे, हे त्याच्या पाठीकडे बघून ओळखावे लागते. उगाच शब्द दिला तर रंग जातो आणि उशिरा दिला तर नट जातो. पदात अडला तर ऑर्गनवाला तीच ओळ पुन्हा वाजवून वेळ काढतो. तेवढ्यात पहिला शब्द त्याच्या कानात पडला पाहिजे.

तिसरी घंटा झाली, नांदी झाली. पहिल्याच अंकात नारद गात आला आणि दुसऱ्या ओळीला पोरगं अडलं. ऑर्गनवाल्याने ओळ फिरवली. पोराने आमच्याकडे बघितलं. ओळ आमच्या ओठावर होती, आणि खरं सांगायचं तर आम्ही ती लगेच दिली नाही. क्षणभर मनात आलं, पडू दे तोंडावर, मग कळेल मास्तरांना! ऑर्गनवाल्याने दुसऱ्यांदा ओळ फिरवली. पोराच्या हातातल्या चिपळ्या थरथरत होत्या. ते पाहून आमची आम्हालाच लाज वाटली. आम्ही शब्द दिला. पोरगं जे सुटलं ते वन्समोर घेऊनच थांबलं.

नाटक संपल्यावर तो विंगेत आला आणि आमच्या पायावर डोकं ठेवून म्हणाला, “काका, तुम्ही होता म्हणून निभावलं.” आम्हाला काय बोलावं ते सुचेना. ही कबुली इतक्या वर्षांनी प्रथमच देत आहोत. त्यानंतर आम्ही पुष्कळ नाटकांना पुस्तक धरलं, पण शब्द द्यायला पुन्हा कधी उशीर केला नाही.

साखरेच्या पोत्यावर ऊस तोडणाऱ्याचे नाव नसते, म्हणून काही त्याची मोळी कमी वजनाची ठरत नाही. विंगेतल्या माणसाचे तसेच आहे.

असो. त्या वेळच्या मुकुटांचा पेटारा अजून आमच्या माळ्यावर आहे. जिगाची चमक गेली, उंदरांनीही हात मारला, तरी दोन-तीन मुकुट डोक्यावर बसतील असे आहेत. तरुण सभासदांनी मनावर घेतले तर पेटारा खाली काढू. गाणारे मिळतील, पुस्तक धरायला आम्ही आहोतच.